औषध सोडू की दूध?

पत्र थोडक्यात असं: वाचक ३१ वर्षांच्या आहेत. पाच महिन्यांची मुलगी, छत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेली. लग्नाआधी त्यांना एकदा नैराश्य येऊन गेलं होतं. बाळंतपणानंतर दीड महिन्याने ते पुन्हा आलं. सारखं रडू यायचं, आपण आई व्हायच्या लायकीच्या नाही असं वाटायचं, बाळाकडे बघूनही आत काही हलायचं नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं, आता रोज १०० मिलिग्रॅम चालू आहे. महिन्याभरात त्यांना बरं वाटू लागलं. बाळ फक्त अंगावर पितं. मात्र जावेची त्याच वयाची मुलगी पालथी पडते आणि ही अजून पडत नाही. सासूबाई म्हणाल्या, “औषधाचं दूध पिते पोर, डोक्यावर परिणाम होणारच.” इंटरनेटवर या औषधापुढे ‘सी श्रेणी’ लिहिलेलं वाचनात आलं. तेव्हापासून गोळी घेतल्यावर पहिले दोन तास त्या बाळाला पाजत नाहीत, ते दूध पंपाने काढून मोरीत ओततात. बाळाला खाली ठेवायची भीती वाटते म्हणून ती दिवसभर कडेवर किंवा मांडीवर असते. दहा दिवसांपूर्वी त्यांनी कुणालाही न सांगता गोळी अर्धी केली. बाळ रात्री बरं झोपतं, पाचला उठतं. यांना मात्र तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही. नवरा म्हणतो, “तुला योग्य वाटेल ते कर.” लेक मोठी झाल्यावर काय, ही धास्तीही आहे. त्यांचा प्रश्न: “औषध बंद करू की दूध? चांगली आई काय करेल?”

प्रिय मैत्रिणी,

पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. बाळ पाचला उठतं आणि तुम्ही तीनला. तान्ह्या बाळाच्या आईची झोप मोडते ती बाळामुळे. इथे बाळ गाढ झोपलंय आणि आई छताकडे बघत पडलीय, तेही गोळी अर्धी केल्यापासून. पहाटे फार लवकर जाग येणं आणि मग काही केल्या झोप न लागणं हे नैराश्याचं नेहमीचं लक्षण आहे. डोस एकदम निम्मा केल्यानेही झोप बिघडू शकते. तुमच्या बाबतीत यातलं नेमकं काय झालंय ते मला इथून कळणार नाही. पण दोन्हींसाठी ज्यांनी औषध दिलं त्यांना फोन करायला हवा, आणि तो फोन उद्याच व्हायला हवा. त्याबद्दल शेवटी बोलू. तोवर गोळी आणखी कमी करू नका, एवढंच आत्ता.

आता तुमचा प्रश्न. औषध बंद करू की दूध? यात तुम्ही एका बाजूला औषध ठेवलंत, दुसऱ्या बाजूला दूध. तुमचा आजार कुठेच ठेवला नाहीत. औषध थांबलं की बाळाला फक्त शुद्ध दूध मिळेल आणि बाकी सगळं आहे तसं राहील, असं या प्रश्नात गृहीत धरलंय. पण औषध थांबलं तर आजार परत येण्याची शक्यता आहे, आणि तुम्हाला तो याआधी दोनदा येऊन गेलाय. गोळी घेणं म्हणजे जोखीम आणि न घेणं म्हणजे सुरक्षित, असं आपल्याला सहज वाटतं. गोळी हातात दिसते, आजार तसा दिसत नाही, म्हणून बहुधा. प्रत्यक्षात दोन्हीकडे काही ना काही आहेच. मग तोलायचं तर सगळंच तोलून बघू. बाळापर्यंत औषध किती पोहोचतं आणि आई आजारी असली तर बाळापर्यंत काय पोहोचतं, हे दोन्ही.

आधी औषध. आईने घेतलेल्या औषधाचा किती भाग दुधातून बाळाला मिळतो, हे डॉक्टर वजनाच्या हिशेबात मोजतात: आईला तिच्या दर किलोमागे किती आणि बाळाला त्याच्या दर किलोमागे किती. हे प्रमाण १० टक्क्यांच्या आत असेल तर निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळासाठी ते सहसा चालण्यासारखं मानतात. सर्ट्रालिनचं प्रमाण बहुतेक मोजमापांत साधारण अर्धा ते दोन टक्के येतं. तुमचं वजन ६० किलो आणि लेकीचं साडेसहा किलो धरू. तुम्ही दिवसाला १०० मिलिग्रॅम घेतलंत तर तिच्या वाट्याला फार तर एक-दोन दशांश मिलिग्रॅम येतं. अशा बाळांचं रक्त तपासून पाहिलंय, तेव्हा बहुतेकांच्या रक्तात हे औषध नेहमीच्या चाचणीला सापडण्याइतकंही नव्हतं. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच नैराश्यावरचं औषध सुरू करायचं असेल, तर बरेच डॉक्टर आधी सर्ट्रालिनचा विचार करतात, त्याचं हे एक मोठं कारण.

ते इतकं कमी का जातं? रक्तात शिरलं की सर्ट्रालिनचा जवळजवळ ९८ टक्के भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसतो. जो मोकळा उरतो तोच दुधात उतरू शकतो. म्हणजे ‘औषध दुधात जातं का?’ याचं उत्तर जवळपास सगळ्याच औषधांच्या बाबतीत ‘हो’ आहे, आणि त्या ‘हो’ने कुणाचंच भलं होत नाही. किती जातं, बाळाचं शरीर ते बाहेर टाकू शकतं का, आणि बाळाच्या वागण्यात काही दिसतं का, हे विचारायला हवं.

यातला दुसरा प्रश्न बाळाच्या वयाशी बांधलेला आहे. नवजात बाळाचं यकृत आणि मूत्रपिंडं अजून तयार होत असतात, दिवस भरायच्या आधी आलेल्या बाळाची तर आणखीच. दुधातून गेलेल्या औषधाने बाळाला त्रास झाल्याच्या ज्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, त्यांतली बरीचशी बाळं दोन महिन्यांच्या आतली होती, सहा महिन्यांपुढची अगदी थोडी. तुमची लेक पाच महिन्यांची आहे. काही आठवड्यांत तिचं वरचं खाणं सुरू होईल, दुधाचा वाटा हळूहळू कमी होईल आणि औषधाचाही. काळजी करण्याचा काळ तुम्ही बराचसा मागे टाकलात, आणि काळजी आत्ता सुरू झालीय.

ती ‘सी श्रेणी’ डोक्यातून काढून टाका. ए, बी, सी, डी, एक्स ही अक्षरं गरोदरपणासाठी होती, स्तनपानासाठी नव्हतीच. लोक त्यांचा चुकीचा अर्थ लावतात म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ पासून ती औषधांच्या माहितीपत्रकांतून काढून टाकायला सुरुवात केली. जुनी पानं मात्र इंटरनेटवर तशीच पडून आहेत. वाचायचंच असेल तर अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा लॅक्टमेड हा मोफत माहितीसंग्रह वाचा. तिथे एकेका औषधाची दुधातली पातळी, बाळाच्या रक्तातली पातळी आणि आढळलेले परिणाम वेगवेगळे दिलेले असतात. भाषा इंग्रजी आहे आणि कोरडी आहे. मात्र भीती घालून वाचकाला धरून ठेवणं हा तिचा धंदा नाही.

आणि ते दूध ओतणं थांबवा. हे वाचताना मला खरंच वाईट वाटलं. सर्ट्रालिन रोज घेतलं की आठवडाभरात त्याची रक्तातली पातळी बऱ्यापैकी स्थिर होते, दिवसभरात थोडी वरखाली होते इतकंच. दुधातली पातळी सगळ्यात वर जाते ती गोळीनंतर साधारण आठ-नऊ तासांनी. तुम्ही ओतता ते पहिल्या दोन तासांचं. म्हणजे ज्या दुधात औषध त्यातल्या त्यात कमी, तेच मोरीत जातंय. एरवीही हा वेळेचा खेळ या औषधाच्या बाबतीत करण्यासारखा नाही. वाचणारी मात्रा नगण्य, आणि त्यापायी पंप, बाटल्या, घड्याळ आणि भुकेने रडणारं बाळ असा व्याप तुमच्या अंगावर. ज्या बाईला आत्ता सगळ्यात जास्त विश्रांतीची गरज आहे तिनेच हे काम स्वतःवर लादून घ्यावं, हे मला पटत नाही.

आता लेकीच्या पालथं पडण्याबद्दल. छत्तिसावा आठवडा! पत्रात हे तुम्हीच लिहिलंय, पण हिशेबात धरलेलं नाही. पूर्ण दिवस चाळीस आठवड्यांना भरतात. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाची प्रगती मोजताना तेवढे आठवडे वजा करायचे असतात, साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत. तुमची लेक कॅलेंडरप्रमाणे पाच महिन्यांची असली, तरी वाढीच्या हिशेबात चारच महिन्यांची. जावेची मुलगी दिवस भरून आली असेल, तर तुम्ही चार महिन्यांच्या बाळाची तुलना पाच महिन्यांच्या बाळाशी करताय. या वयात एक महिना म्हणजे फार मोठं अंतर. आणि पूर्ण दिवसांची कित्येक बाळंसुद्धा सहाव्या-सातव्या महिन्यातच पालथी पडतात.

जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या ८१६ निरोगी मुलांची हालचालींची प्रगती नोंदवून २००६ साली त्याची कोष्टकं प्रसिद्ध केली. त्यात आधाराशिवाय बसणं साधारण चौथ्या ते नवव्या महिन्याच्या दरम्यान आलं आणि एकट्याने चालणं आठव्या महिन्यापासून पार साडेसतराव्या महिन्यापर्यंत. ही सगळी निरोगीच मुलं. काही मुलं तर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. जावेच्या मुलीचा आणि तुमच्या लेकीचा क्रम लावायला हे कोष्टक मुळीच उपयोगाचं नाही, आणि तेच त्याचं वैशिष्ट्य.

त्यात दिवसभर ती कडेवर. पालथं पडायचं तर जमीन लागते! जागी असताना, तुमच्या नजरेसमोर, दिवसातून चार-पाच वेळा थोडा थोडा वेळ तिला सतरंजीवर पोटावर ठेवा. सुरुवातीला मिनिटभरातच कुरकुरेल. तिच्यासमोर तुम्ही पालथ्या झोपा, तोंडासमोर तोंड. रडायला लागली की उचला, थोड्या वेळाने पुन्हा ठेवा. झोपवताना मात्र पाठीवरच. खाली ठेवायची तुम्हाला जी भीती वाटते, तीही डॉक्टरांना सांगा. ती आजाराचा भाग असू शकते, आणि औषध कमी झाल्यावर वाढली असेल तर ते त्यांना कळायला हवं.

तरी बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. मी पत्र वाचतेय, बाळ बघत नाही. ते आठवडे वजा केलेल्या वयाच्या हिशेबाने चार महिने होऊनही मान अजिबात धरत नसेल, माणसाकडे बघून हसत नसेल, हलत्या वस्तूमागे नजर जात नसेल, आवाजाला दाद देत नसेल, अंग फार ताठ किंवा फार लुळं वाटत असेल, एका बाजूचेच हातपाय हलवत असेल, किंवा आधी येणारी गोष्ट आता येईनाशी झाली असेल, तर वाट बघायची नाही. यातलं काही आढळलं तरी पहिला संशय गोळीवर घेऊ नका. तिथेच थांबलात तर खरं कारण शोधायचं राहून जाईल.

पुढे मोठी झाल्यावर काय, हेही तुम्ही विचारलंय. सर्ट्रालिनच्या जातीची औषधं दुधातून मिळालेल्या बाळांचा पाठपुरावा करणारे अभ्यास झालेत. ते फार मोठे नाहीत, त्यातले बरेचसे पहिल्या एक-दोन वर्षांपुरते. त्यांत वजनात, हालचालींत किंवा बोलण्यात औषधामुळे मुलं मागे पडल्याचं ठळकपणे दिसलेलं नाही. मेंदूवर काम करणाऱ्या औषधांच्या आणखी एका गटाचं उदाहरण देते. २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फिट्स येऊ नयेत म्हणून कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन, फेनिटॉइन किंवा व्हॅलप्रोएट घेणाऱ्या आयांची मुलं त्यात सहाव्या वर्षी तपासली. अंगावर प्यायलेल्या मुलांचा बुद्ध्यांक न प्यायलेल्यांपेक्षा कमी नव्हता, सरासरीने थोडा जास्तच होता. दूध पाजणाऱ्या आणि न पाजणाऱ्या आयांमध्ये इतरही फरक असतात, त्यामुळे ‘औषधाच्या दुधाने मुलं हुशार होतात’ असा अर्थ कुणी काढू नये. पण सासूबाईंच्या “परिणाम होणारच” मधला ‘होणारच’ या माहितीवर टिकत नाही.

आता दुसरी बाजू. हे वाचताना स्वतःवर आरोप करून घेऊ नका, कारण आरोप करायला मी हे लिहीत नाही. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवून नुसती बसते. काही महिन्यांचं बाळ ते लगेच ओळखतं. हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, आणि काहीच परत येत नाही म्हटल्यावर नजर वळवतं. खोल नैराश्यात आईचा चेहरा असा होतो, आणि तिचा त्यात काही दोष नसतो. हे फार महिने चाललं आणि उपचारच झाले नाहीत तर मुलाच्या बोलण्यावर, भावनांवर, शिकण्यावर परिणाम होऊ शकतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. ट्रॉनिक यांच्याच कामातून हेही पुढे आलं की अगदी छान चाललेल्या आई-बाळांचाही सूर बराच वेळ जुळलेला नसतो. तो तुटतो, परत जुळतो, आणि त्या परत जुळण्यातून बाळ शिकतं. तुम्ही लिहिलंय की औषध लागू पडल्यावर एका दुपारी लेक हसली आणि तुम्हाला पहिल्यांदा आतून हसू आलं. मैत्रिणी, तो तिच्या मेंदूचा खुराकच होता. त्यात त्या गोळीचाही हात आहे.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: माझ्या मते दोन्ही चालू ठेवण्यासारखं आहे. बाळ नीट पित असेल, वजन वाढत असेल आणि डॉक्टरांना तपासणीत वेगळं काही दिसलं नाही, तर या औषधासाठी दूध तोडायचं कारण मला दिसत नाही, आणि दुधासाठी औषध तोडायचं तर मुळीच नाही. लेकीकडे मात्र लक्ष असू द्या. नेहमीपेक्षा जास्त गुंगी, पिण्याचा कंटाळा, समजूत न पटणारी चिडचिड, वजन न वाढणं यातलं काही दिसलं तर सांगा. सगळं ठीक असताना तिच्या रक्तातली औषधाची पातळी तपासायची सहसा गरज नसते.

पण समजा, सगळं समजून घेतल्यावरही दर वेळी पाजताना तुमच्या छातीत धस्स होतंय. तर वरचं दूध सुरू करणं हा पराभव नाही. सगळं किंवा काहीच नाही, असंही नाही. रात्रीची एक वेळ वरच्या दुधाची ठेवली आणि ती नवऱ्याने सांभाळली, तर तुम्हाला सलग पाच तास झोप मिळेल. नैराश्यातून उठणाऱ्या बाईसाठी सलग झोप ही औषधाइतकीच मोलाची. दूध तोडायचंच ठरलं तर हळूहळू तोडा. एकदम तोडल्याने गाठी येऊन ताप भरू शकतो, आणि काहीजणींची मनःस्थितीही त्या दिवसांत घसरते. औषध न घेता फक्त समुपदेशनावर भागेल का, असंही तुमच्या मनात असेल. सौम्य नैराश्यात विचार आणि वागणूक बदलण्याच्या उपचारांचा, नात्यांवर काम करणाऱ्या उपचारांचा चांगला उपयोग होतो. दोनदा येऊन गेलेल्या आणि आत्ता पुन्हा डोकं वर काढू पाहणाऱ्या आजारात मात्र मी ते औषधाच्या जागी नाही, जोडीला घेईन.

सासूबाईंवर रागावू नका. नातीसाठी घाबरलेल्या बाईचं ते बोलणं आहे, चुकीच्या माहितीवरचं. बालरोगतज्ज्ञांकडे जाताना त्यांनाच बरोबर न्या आणि त्यांचा प्रश्न त्यांच्याच तोंडून डॉक्टरांना विचारू द्या. घरात चार वेळा सांगून जे पटत नाही, ते तिथे एकदा ऐकून पटतं. नवऱ्याच्या “तुला योग्य वाटेल ते कर” बद्दल मात्र मला जरा बोलायचंय. ऐकायला ते मोकळेपणाचं वाटतं. पण आजारी माणसाला असं सांगणं म्हणजे निर्णय आणि त्याचा दोष दोन्ही त्याच्या पदरात टाकणं. त्यांना सांगा, “माझ्याबरोबर डॉक्टरांकडे ये, आणि तुला काय योग्य वाटतं ते तूही बोल.”

‘चांगली आई काय करेल’ याला मी उत्तर देणार नाही. आईला थायरॉइडची गोळी लागली तर हा प्रश्न कुणी विचारत नाही.

आता बाकीच्या वाचकांसाठी थोडं, कारण प्रत्येकीचं औषध सर्ट्रालिन नसतं आणि इथलं वाचून कुणी गैरसमज करून घेऊ नये. गरोदरपणात जे औषध चालू होतं आणि लागू पडत होतं, ते केवळ स्तनपानासाठी बाळंतपणानंतर बदलणं बऱ्याचदा शहाणपणाचं नसतं. नाळेतून बाळाला दुधापेक्षा कितीतरी जास्त औषध आधीच मिळालेलं असतं, आणि बाळंतपणानंतरचे आठवडे आजार उलटायला सगळ्यात सोपे. फ्लुओक्सेटिन शरीरात फार दिवस रेंगाळतं आणि दुधात तुलनेने जास्त उतरतं, म्हणून नव्याने सुरू करायचं तर ते पहिली निवड नसतं. तीव्र मानसिक आजारांत दिली जाणारी ओलान्झापिन आणि क्वेटियापिन दुधात कमी जातात, बाळाच्या गुंगीकडे मात्र लक्ष हवं. लॅमोट्रिजिन बाळाच्या रक्तात बऱ्यापैकी पोहोचतं, बाळाच्या अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी दाखवायचं. मनःस्थितीचे टोकाचे चढउतार रोखणाऱ्या लिथियमची गोष्ट वेगळी. ते प्रथिनांना चिकटतच नाही, त्यामुळे सरळ दुधात उतरतं, आणि बाळाच्या रक्तातली पातळी आईच्या पाव ते निम्म्यापर्यंत जाऊ शकते. लिथियमवर पाजणं अशक्यच असं नाही, पण बाळाच्या रक्ताच्या, थायरॉइडच्या आणि मूत्रपिंडांच्या तपासण्या करणारे डॉक्टर पाठीशी हवेत, आणि बाळाला ताप-जुलाब झाले की लगेच धाव घ्यायची. क्लोझापिनवर असताना मात्र सहसा पाजू नका असंच सांगतात. व्हॅलप्रोएट दुधात थोडंच जातं, पण पुन्हा दिवस राहिले तर गर्भाला ते फार घातक, म्हणून मूल होऊ शकणाऱ्या बाईला ते देण्याआधी डॉक्टर पुन्हा पुन्हा विचार करतात.

झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांमध्ये ज्यांचा असर लवकर ओसरतो अशी औषधं डायझेपामपेक्षा बरी, कारण डायझेपाम बाळाच्या शरीरात साठत जातं. गुंगी आणणारं कुठलंही औषध घेतलं असेल त्या रात्री बाळाला आपल्या अंथरुणात घेऊन झोपू नका, सोफ्यावर तर कधीच नाही. दूध कमी येतंय म्हणून मेटोक्लोप्रामाइड लिहून दिलं जातं, त्याने नैराश्य येऊ शकतं. त्याचसाठी दिलं जाणारं डोम्पेरिडोन काही मानसिक औषधांसोबत घेतलं तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. म्हणून दूध वाढवायच्या गोळ्या लिहून देणाऱ्यांना आपलं मानसिक आजाराचं औषध न लाजता सांगा. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनौषधीसारख्या गोष्टीही सर्ट्रालिनबरोबर घ्यायच्या नाहीत.

एक फरक सगळ्याच नव्या आयांनी ओळखावा. बाळ हातून पडेल, आपणच त्याला काही करू, असे नकोसे विचार मनात घुसतात आणि आई त्यांनीच हादरते. असे विचार पुष्कळजणींना येतात, ते भयानक वाटतात, पण याचा अर्थ ती तसं करेल असा नाही. उपचारांनी ते ओसरतात, डॉक्टरांना सांगावेत. याउलट, झोपच लागत नाही आणि झोपेची गरजही वाटत नाही, आवाज ऐकू येतात, बाळाबद्दल काही विचित्र गोष्ट खरीच वाटू लागते, किंवा मरण हाच उपाय वाटतो, तर ती तातडीची वेळ. त्याच तासाला दवाखाना, आणि आईला किंवा बाळाला एकटं सोडायचं नाही. यातला प्रसूतीनंतरचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं, हजारात एक-दोघींनाच होतो, पण फार झपाट्याने वाढतो.

आता तो फोन. बोलायला शब्द सुचणार नाहीत, म्हणून लिहून देते: “डॉक्टर, दहा दिवसांपूर्वी मी स्वतःहून गोळी अर्धी केली. दुधाची भीती वाटली. तेव्हापासून तीनला जाग येते.” रागावतील असं वाटत असेल, पण हे त्यांनी कितीतरी पेशंटकडून ऐकलेलं असतं. डोस पुन्हा कसा वाढवायचा ते त्यांनाच ठरवू द्या. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठीची एडिनबरा प्रश्नावली मागा. दहा प्रश्नांची आहे, गेल्या सात दिवसांबद्दल विचारते. तुम्ही घसरताय का, हे त्यांना आणि तुम्हाला दोघांनाही कळेल. औषध किती दिवस चालेल तेही विचारा. पूर्ण बरं वाटल्यानंतरही ते निदान सहा महिने चालू ठेवतात, आजार परत आलेला असेल तर बहुधा आणखी. बाळाचं वजन, छत्तिसावा आठवडा, आणि तुम्ही घेत असलेली प्रत्येक गोळी, टॉनिकसुद्धा, एका कागदावर लिहा. त्याची एक प्रत मानसोपचारतज्ज्ञांना आणि एक बालरोगतज्ज्ञांना द्या, आणि एकमेकांशी बोलाल का असं दोघांनाही विचारा. त्यांच्यापैकी कुणी आकडा न बघता, बाळाचं वय न विचारता नुसतं “औषध आहे ना, मग दूध बंद करा” म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

आणि उद्या सकाळी लेक जागी झाली की आधी सतरंजी अंथरा.